कोरियनमध्ये 'मजा आली' कसं म्हणायचं? इंग्लिश बाजूला ठेवा, सोलापुरी चालू करा

सोलापूरचा मे महिना म्हणजे दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नाही, पंखा गरम हवा फेकायलेला असतो, आणि अशाच एका दुपारी मामेबहिणीनं मोबाईलवर एक कोरियन सिरीयल लावून दिली आणि म्हणाली दोन एपिसोड बघ, नाय आवडलं तर बंद कर. बंद काय झालं नाही. महिन्याभरात मी फुकटचं ॲप घेऊन भाषाच शिकायला बसले. आणि त्या ॲपनं पहिल्या आठवड्यात जो शब्द शिकवला त्याच्यावरच मी सपशेल आपटले, म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय. तुम्ही तरी आपटू नका.

शब्द होता जेमीइत्ता. ॲप इंग्लिशमधून शिकवतंय, त्यामुळे समोर लिहिलेलं होतं टू बी फन, टू बी इंटरेस्टिंग. मी घोकलं. मग ऑनलाईन एक कोरियन बाई बोलायच्या प्रॅक्टिसला मिळाल्या, त्यांना हिंदी शिकायचं होतं आणि मला कोरियन. त्यांनी विचारलं कसं वाटतंय शिकायला, मी डोक्यात इंग्लिश वाक्य जुळवलं 'आय ॲम हॅविंग फन' आणि मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाले, चॉनुन जेमीइस्सॉयो. बाई थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या हो हो, तुम्ही आहातच मजेशीर! म्हणजे मी स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट दिलेलं की मी फार गमतीदार बाई आहे. तसं बघितलं तर त्या वाक्याचा 'मला मजा येते' असाही अर्थ निघू शकतो, पण नुसतं तेवढंच बोललं की ऐकणाऱ्याला पहिला अर्थ पटकन लागतो.

आता गंमत बघा. मी इंग्लिशमध्ये विचार केला म्हणून 'मी'पासून सुरुवात केली. मराठीत केला असता तर काय म्हणाले असते? "मजा आहे." "मजा येते." त्याच्यात 'मी' कुठाय? कोरियनमध्ये पण नाहीये! जेमी म्हणजे मजा, इत्ता म्हणजे असणे. जेमीइत्ता म्हणजे शब्दाला शब्द 'मजा असणे'. कर्ता दाखवणारा प्रत्यय मध्ये घालून जेमीगा इत्ता असं सुटं पण म्हणता येतं, तरी अर्थ तोच. इंग्रजीवाल्या पोरांना हे पचवायला वेळ लागतो, आपल्याला काय पचवायचंय, आपण जन्मल्यापासून असंच बोलतोय. कोणी विचारलं गड्ड्याला गेलतीस, कशी होती जत्रा, तर आपण 'जत्रा मजेदार होती' असं पुस्तकी म्हणतो का? आपण म्हणतो लई मजा आली. बस, तेच धरून ठेवा.

आणि हा जेमी शब्द आला कुठून ते तर अजून भारी आहे. चिनी अक्षरांतून कोरियनमध्ये आलेला जुना शब्द आहे चामी, त्याचा अर्थ भरपूर, पौष्टिक चव. तो घासत घासत जेमी झाला. म्हणजे मुळात चव, मग तिची मजा. आता आपल्याकडे बघा, 'मला इतिहासात रस आहे', 'त्याला वाचनाची गोडी लागली', 'भांडण बघायची चटक लागलीय', सगळं जिभेवरूनच आलेलं ना? आपण पण जे आवडतं ते चाखूनच सांगतो. म्हणून मी जेमी पाठ करताना डोक्यात 'रस' ठेवला, आणि तो परत कधी विसरला नाही. चवीला वेगळा शब्द आहे, मात. माशित्ता म्हणजे चव आहे, चविष्ट. आणि मॉत म्हणजे रुबाब, स्टाईल, मॉशित्ता म्हणजे रुबाबदार. मात आणि मॉत, एका स्वराचा फरक. शेंगाची चटणी खाऊन माशिस्सॉयो म्हणायचं, हिरोला बघून मॉशिस्सॉयो, एपिसोड संपल्यावर जेमीइस्सॉयो. उलटसुलट झालं तर हिरो चविष्ट होतो, बाकी काय नाही.

आता उच्चार. इथं जरा वेळ काढा, कारण एकदा जिभेला चुकीचं वळण लागलं की काढायला जीव जातो.

जेमीमधला ज हा आपल्या 'मजा'तला ज नाही. हो, नेमका मजातलाच नाही. तो 'जेवण'मधला ज आहे, जीभ टाळूला लागते तो. मराठीत आपल्याकडे दोन-दोन ज आणि दोन-दोन च आहेत, चहातला वेगळा आणि चमच्यातला वेगळा, लिहितो मात्र एकच अक्षर. कोरियनला फक्त चहावाला लागतो. म्हणजे सोलापूरची चादर आणि चटणी दोन्ही इथं चालत नाहीत, काय करणार. शिवाय शब्दाच्या सुरुवातीला हा आवाज धड ज पण नसतो आणि धड च पण नसतो, मध्येच कुठंतरी असतो, म्हणून सिरीयलमध्ये तुम्हाला कधी चेमी ऐकू येईल कधी जेमी. दोन्ही बरोबर. घसा जास्त घुमवू नका म्हणजे आपोआप जमतं.

इत्ता म्हणताना 'इत्' वर जीभ दातामागं टेकवून क्षणभर थांबवायची आणि मग 'ता' जोरात. पण इत्ता हे डिक्शनरीतलं रूप आहे, बोलताना बहुतेक वेळा इस्सॉयो येतं. तिथं स्स अगदी रस्सा मधल्यासारखा, दाबून. एकच स म्हटला तर ऐकणाऱ्याला कळेल, पण कच्चं वाटेल. ऑ म्हणजे ऑफिसमधला ऑ, फक्त ओठ एवढे गोल करायचे नाहीत, अ कडे थोडा झुकवायचा. आणि मी आणि इ असे दोन इ लागून येतात ना, ते बोलताना एकात एक जातात, त्यामुळे जेमीइस्सॉयो चं रोजच्या बोलण्यात जेमिस्सॉयो होतं. लिहिताना पण लोक मेसेजमध्ये छोटंच लिहितात. हे चुकीचं किंवा अडाणी वगैरे नाही बरं का, आपण 'कशाला आला आहेस' चं 'कशाला आलास' करतो तसंच.

लिपी शिकायची का? शिकाच, दोन-चार संध्याकाळींचं काम आहे, खोटं नाही सांगत. राजा सेजोंगनं १४४३ मध्ये ती तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केली, साध्या माणसाला लिहिता यावं म्हणूनच. आपल्या बाराखडीसारखंच आहे, व्यंजनाला स्वर जोडायचा, फक्त सगळं एका चौकटीत बसवतात. जेमीतलं 'मी' हे अक्षर कसं असतं सांगू? म म्हणजे चौकोनी डबा, ई म्हणजे उभी काठी, डब्याशेजारी काठी ठेवली की झालं मी. इस्स मध्ये वर आधी गोल शून्य येतं, ते मुकं असतं, स्वराला टेकू म्हणून ठेवलेलं, त्याच्या शेजारी काठी, आणि खाली दोन तंबू शेजारीशेजारी, तो दाबलेला स्स. एकदा हे दिसायला लागलं की सिरीयलच्या मधल्या पाट्यासुद्धा वाचाव्या वाटतात.

आपल्याला अजून एक फायदा आहे जो इंग्लिशवाल्यांना नाही. कोरियनमध्ये क, त, प, च हे प्रत्येकी तीन प्रकारचे असतात, साधा, दाबलेला आणि हवा सोडणारा. हवावाले म्हणजे आपले ख, थ, फ, छ, ते आपल्याला फुकट येतात. (फ मात्र फळातला, फोनवाला नाही.) दाबलेल्यांवर तेवढी मेहनत घ्या. क्कुल म्हणजे मध. न दाबता नुसतं कुल म्हणालात तर खायचा शिंपला होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कोणाशी बोलताय.

मराठीत तू, तुम्ही आहेच, पण नुसतं 'पिक्चर भारी आहे' म्हणताना समोर कोण आहे त्यानं क्रियापद बदलत नाही असं वाटतं ना? पण नीट ऐका आपण खरंच कसं बोलतो. मित्राला, "भारी आहे बे पिक्चर." शेजारच्या काकांना, "भारी आहे ओ काका." सूत्रसंचालक माईकवर, "अत्यंत मनोरंजक असा हा कार्यक्रम आहे." तीन माणसं, तीन शेपट्या. कोरियनमध्ये नेमकं हेच, फक्त तिथं शेपूट मर्जीवर नाही, क्रियापदाला चिकटलेलंच असतं आणि दर वेळी निवडावंच लागतं.

जेमीइस्सॉ, हे बे वालं. मित्र, भाऊबहीण, लहान पोरं, आणि स्वतःशी बडबडताना.

जेमीइस्सॉयो, हे ओ वालं. दुकानदार, अनोळखी माणूस, शिक्षक, ऑफिसातले लोक, सगळीकडं चालतं. तुम्हाला एकच रूप पाठ करायचं असेल तर हेच करा.

जेमीइस्सुम्निदा, हे माईकवालं. बातम्या, भाषण, सैन्य, मुलाखत. रोज वापरायला गेलात तर घरात बसून 'आपले सहर्ष स्वागत' म्हटल्यासारखं होईल.

म्हणून मी लक्षात ठेवलंय, यो म्हणजे सोलापुरी ओ. काढला की बे. आमच्या घरी हे मी मोठ्यानं पाठ करायले आणि आजी शेजारी बसून शेंगा फोडायली. दोन दिवसांनी ती माझ्याबरोबर एपिसोड बघायला बसली, मी तिला विचारलं "जेमीइस्सॉ?" तर म्हणाली, "यो लाव की गं, मी काय तुझी मैत्रीण हाय?" मला जे समजायला त्या कोरियन बाईंचा थंडगार रिप्लाय खावा लागला होता (मी एकदा घाईत यो विसरून टाईप केलेलं, वयानं माझ्या आईएवढ्या बाईंना), ते आजीला फुकटात कळलं.

आणि आजीवरून आठवलं. आमची आजी अक्कलकोटकडची, घरात अर्धं कानडी. सोलापुरात तुमच्यापण घरी किंवा गल्लीत कानडी किंवा तेलुगू असणारच, पूर्व भागात राहत असाल तर विचारायलाच नको. तर आहे-नाही चं बघा. इंग्लिशमध्ये 'नाही' म्हणायला 'आहे'ला नॉट जोडतात. आपल्याकडं 'नाही' हा आपला आपण पूर्ण शब्द आहे, मजा आहे, मजा नाही. कानडीत पण इल्ला, तेलुगूत लेदु, एकेका शब्दात काम तमाम. कोरियन पण याच पंगतीत बसते, इत्ता म्हणजे असणे, ऑप्ता म्हणजे नसणे. त्यामुळे मजा नाही आली तर जोडाजोडी करत बसू नका, सरळ म्हणा जेमीऑप्सॉयो. आन जेमीइस्सॉयो असं 'आन' लावून पण काही लोक बोलतात, पण नवीन माणसानं ऑप्सॉयोच धरावं, तेच स्वच्छ.

अजून एक मजा, कोरियनमध्ये 'हा, ही, हे' ला ई म्हणतात. कानडीत पण ई, तेलुगूत पण ई! 'मी'ला म्हणतात 'ना', कानडीतल्या नानु सारखं. बापाला आप्पा. आजी तर पहिल्याच एपिसोडला म्हणाली अगं हे आपल्यातलेच दिसायलेत. १९०५ मध्ये होमर हल्बर्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं कोरियन आणि द्राविडी भाषांच्या व्याकरणाची तुलना छापली होती, त्यालापण तसंच वाटलेलं. आजचे भाषाशास्त्रज्ञ हे नातं मानत नाहीत, योगायोग म्हणतात, ते असू दे, पाठ करायला योगायोग पण चालतो.

तर आता वाक्य. ई दुरामा जिन्चा जेमिस्सॉयो, ही सिरीयल खरंच भारी आहे. ई म्हणजे ही, दुरामा म्हणजे ड्रामा, जिन्चा म्हणजे खरंच. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच, त्यामुळे मराठी वाक्य मनात म्हणा आणि शब्द बदलत जा, ऑर्डर हलवायची गरज नाही. ड्रामाच्या जागी यॉंगह्वा टाका म्हणजे पिक्चर. जिन्चाच्या जागी जॉंगमाल टाका, तेच जरा नीटनेटकं. नॉमू टाका म्हणजे लई. या नॉमूचा पण किस्सा आहे, मूळ अर्थ 'अति', प्रमाणाबाहेर, त्यामुळे शाळेतले मास्तर सांगायचे की चांगल्या गोष्टीला नॉमू लावू नका. लोक काय ऐकतात होय, सगळे लावायचेच, शेवटी २०१५ मध्ये कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेनं मान्य केलं की बाबांनो चांगल्यालापण चालेल. आपल्याकडं पण 'भयंकर सुंदर' म्हणतोच की.

झालेल्या गोष्टीला, मजा आली असं म्हणायला, जेमीइस्सॉस्सॉयो. स्सॉ दोनदा येतो, बोलताना घाईत एक खाल्ला तर भूतकाळाचा वर्तमानकाळ होतो. गड्ड्यावरून आल्यावर कोणी विचारलं तर हेच. प्रश्नासाठी वेगळं काही नाही, शेवटी आवाज वर न्या, जेमीइस्सॉस्सॉयो? मजा आली का ओ?

'कोरियन शिकण्यात मजा आहे' म्हणायचंय? आपण शिकणे चं शिकण्यात करतो, ते करतात पेउनुन गे. हान्गुगॉ पेउनुन गे जेमिस्सॉयो. हेच वाक्य मी त्या पहिल्या दिवशी म्हणायला पाहिजे होतं. ही नुन गे ची युक्ती एकदा बसली की काहीपण घाला. बघण्यात, पोनुन गे. खेळण्यात किंवा नुसतं टाईमपास करण्यात, नोनुन गे. स्वयंपाक करण्यात, योरिहानुन गे, हे माझ्याबाबतीत खोटं आहे पण वाक्य बरोबर आहे.

खरी चव मात्र शेपट्यांमध्ये आहे, आणि इथंच मराठी माणूस पुढं निघून जातो. समजा तुम्हाला वाटलेलं की सिरीयल फालतू असणार आणि दहा मिनिटांनी लक्षात आलं की अरे, हे तर बरंय! आपण म्हणतो "भारी आहे की!" तो जो 'की' आहे ना, आत्ताच कळलं असा, तो कोरियनमध्ये नेयो. जेमीइन्नेयो! (त चा न होतो, नाकात जातो.) मित्र असेल तर यो काढा, जेमीइन्ने! समोरच्यालापण तेच वाटतंय हे धरून "भारी आहे ना?" असं विचारायचं असेल तर जेमीइच्चो? आणि कोणीतरी सांगितलं की रविवारी आम्ही सगळे मिळून हुरडा पार्टीला चाललोय, तर त्याच्यावर "मजा येईल की मग" हे जेमीइत्केत्ता. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण सिरीयलमध्ये दर दोन मिनिटाला कोणीतरी म्हणतंच. आणि ट्रेलर बघून 'भारी दिसतंय' म्हणायला जेमीइस्सॉ पोयॉयो.

कोणाचं काम बघून, वाचून कौतुक करायचं असेल तर 'तुमची गोष्ट मजेशीर आहे' पेक्षा जेमीइत्के प्वास्सॉयो म्हणा, म्हणजे 'मजेत बघितलं', 'आवडीनं बघितलं'. जेमीइत्के म्हणजे मजेत. कलाकाराला, लेखकाला, गावाकडून व्हिडिओ बनवणाऱ्या पोराला, सगळ्यांना लोक असंच लिहितात. नामाच्या आधी लावायचं असेल तर जेमीइन्नुन, म्हणजे जेमीइन्नुन यॉंगह्वा, मजेदार पिक्चर. आणि मोठ्या माणसाबद्दल बोलत असाल, आमचे सर फार मजेशीर आहेत, तर जेमीइस्सुसेयो, तो से आदराचा, आपल्या 'आहेत' सारखा. एवढंच पुरे.

पोरांचं वेगळंच चालू असतं. जेमीचं त्यांनी जेम केलंय आणि त्याला काहीपण जोडतात. क्कुल म्हणजे मध, तर क्कुलजेम म्हणजे मधासारखी मजा, लई भारी. इंग्लिशमधला नो उचलला आणि नोजेम केलं, म्हणजे बोअर, पकाऊ. हेक म्हणजे अणूचा गाभा, अणुबॉम्बमधला, तर हेकजेम म्हणजे कडक आणि हेकनोजेम म्हणजे इतकं पकाऊ की विचारू नका. मैत्रिणीच्या मेसेजला टाका, सरांच्या ईमेलमध्ये टाकू नका. हसायला हाहाहा च्या जागी ख हे अक्षर तीन-चारदा टाईप करतात, ख ख ख ख, मला पहिल्यांदा वाटलं बाईंना खोकला झालाय.

आता जवळजवळचे शब्द, कारण सगळीकडं जेमी चालत नाही. ट्रान्सलेटरमध्ये इंटरेस्टिंग टाकलं की बऱ्याचदा हुंगमिरोप्ता बाहेर येतं. शब्द खरा आहे, पण लेखातला, चर्चेतला, 'उद्बोधक', 'रोचक' टाईप. चहा पिताना कोण रोचक म्हणतं? एखाद्या विषयात रस आहे असं सांगायचं तर क्वान्शिम इस्सॉयो, परत तेच इत्ता, रस आहे. इतिहासात क्वान्शिम, कॅमेऱ्यात क्वान्शिम, सगळं ठीक, पण माणसाबद्दल म्हणालात तर ते प्रेमप्रकरण समजतात, तेव्हा जपून. हसू येणारं असेल तर उत्क्यॉयो, पण स्वर जरा वाकडा गेला की तेच 'काय पण विनोद करायलास' असं टोचणारं होतं, म्हणून सुरुवातीला माणसांबद्दल वापरू नका. मनातून आनंद वाटला, सहल छान झाली, तर जुल्गॉवॉस्सॉयो. उड्या माराव्या वाटल्या, गाण्यावर अंग हललं, तर शिन्नायो, गड्ड्यातल्या आकाशपाळण्यात बसल्यावरचं.

कंटाळ्याचे पण दोन आहेत. लेक्चर लांबलंय, पिक्चर सरकतच नाही, तर जिरुहेयो. घरी काय काम नाही, लाईट गेलीय, मोबाईलला चार्जिंग नाही, तर शिम्शिमहेयो. आणि गंमत म्हणजे आमटीत मीठ कमी असेल तरी शिम्शिमहेयोच! अळणी. म्हणजे फिरून परत जिभेवरच आलो. याच आवाजाचा तिसरा शब्द चिनीतून आलेला आहे, त्याचा अर्थ 'अतिशय मनापासून', आणि २०२२ मध्ये कोरियात एका कॅफेनं तो शब्द वापरून माफी मागितली, तर नेटवरच्या पोरांनी वाचलं 'कंटाळलेली माफी' आणि भडकले की माफी मागताना पण कंटाळा? मग तिथं मोठा वाद झाला, पोरांना वाचताच येईना वगैरे. कोरियन पोरांचंच असं होतंय तर आपण कशाला टेन्शन घ्यायचं.

प्रॅक्टिस कशी करायची विचाराल तर माझी पद्धत अशी की, एका एपिसोडमधून एकच 'जेमी'वालं वाक्य पकडायचं. थांबवायचं, मागं न्यायचं, दहा वेळा ऐकायचं, मग मोबाईलवर आपला आवाज रेकॉर्ड करून दोन्ही शेजारी वाजवायचे. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते, तिसऱ्या दिवशी वाटत नाही. नेव्हर नावाची कोरियन वेबसाईट आहे, तिच्या डिक्शनरीत शब्दापुढं स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबून उच्चार ऐका, इथं मी देवनागरीत लिहिलेलं फक्त काठी म्हणून धरा, चालायला तुम्हालाच लागणार. आणि दिवसभरात जे घडेल त्याला मनातल्या मनात शेपूट लावत जा. सात रस्त्यावर सिग्नलला अडकलात, जेमीऑप्सॉ. कंबर तलावावर संध्याकाळी भेळ, माशिस्सॉ, गप्पा, जेमिस्सॉ. बसमध्ये शेजारच्या बाईनं स्वतःहून सगळी घरची भानगड सांगितली, जेमीइन्ने!

शिकता शिकता गोडी लागली तर त्यालापण वाक्य आहे, जेमीरुल बुछिदा, मजा चिकटवणे. आपल्याकडं गोडी 'लागते', तिकडं मजा माणूस स्वतः चिकटवून घेतो, काम करावं लागतं म्हणजे.

जुन्या माणसांच्या तोंडी जेमीचे अजून दोन वापर ऐकू येतील ते सांगून थांबते. योजुम जेमीगा ऑत्तॉसेयो? म्हणजे हल्ली मजा कशी आहे? म्हणजे काय चाललंय, धंदापाणी बरंय ना? नवी पेठेतले दोन दुकानदार शटर उघडताना एकमेकांना विचारतात तेच. आणि दुसरं धमकीचं. सिरीयलमध्ये कोणी डोळे बारीक करून हळू आवाजात जेमीऑप्सुल चुल आरा म्हणालं तर पिक्चरबद्दल बोलायलेत असं समजू नका, त्याचा अर्थ 'परत असं केलंस तर तुझी खैर नाही' असा आहे. आजीनं त्या सीनला मला ढोसून विचारलं, आता का गं मजा मजा म्हणायलाय, मारायला निघालाय की तो.